सही कुठे करायची?

दिवाळीच्या अंकात इस्पितळाचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. संपादकांनीही पत्रात 'यंदा काही तरी खुसखुशीत येऊ द्या' असे प्रेमाने बजावले आहे. पण वाचकहो, आपल्या दिवाळीत दुसऱ्याच दिवशी एक वैद्य येऊन उभा असतो, त्याला काय करावे? धनत्रयोदशीला आपण धनाची पूजा करतो, आणि वैद्य मंडळी धन्वंतरीची. समुद्रमंथनातून तो अमृताचा कलश घेऊन वर आला, आणि देवदानव कलशावर तुटून पडले. ते औषध कशाचे आहे, कोणाला किती घ्यायचे, काही अपाय तर होणार नाही ना, असे त्याला एकानेही विचारल्याचे पुराणात नाही. न विचारण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे!

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी एक खोड ठाऊक आहे. कोणताही विषय हाती आला, की मी आधी त्यातले शब्द उलटेसुलटे करून पाहते. वीस वर्षे मराठी शिकविल्यावर दुसरे काय होणार? तर 'इस्पितळ' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्याचे मूळ लॅटिन भाषेतल्या ज्या शब्दात आहे त्याचा अर्थ होतो पाहुणा, किंवा यजमानसुद्धा. म्हणजे इस्पितळ हे मुळात पाहुण्याचे घर. 'दवाखाना' आला अरबी-फारसीतून. तो सरळ सांगतो, की इथे दवा मिळेल, पाहुणचाराचे बोलू नका. आणि 'पेशंट' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून निघाला, त्याचा अर्थ सोसणे. आलेला माणूस पाहुणा म्हणून दारातून आत शिरतो आणि कॉटवर पोहोचेपर्यंत सोसणारा होतो, ही हकीकत या तीन शब्दांतच आली.

आमच्याकडे शास्त्राचे म्हणणे निराळे होते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोगी हा चिकित्सेचा विषय नाही, तिचा एक पाय आहे! प्रत्येक पायाचे चार चार गुणही दिले आहेत. रोग्याचे गुण कोणते? स्मृती, म्हणजे आपल्याला काय काय झाले ते आठवणे. निर्देशकारित्व, म्हणजे सांगितलेले पथ्यपाणी पाळणे. अभीरुत्व, म्हणजे न घाबरणे. आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपले दुखणे नीट सांगता येणे. यांतला दुसरा गुण आपण मनापासून उचलला. डॉक्टर म्हणतील ती पूर्वदिशा. बाकीच्या तिघांचे काय झाले, ते कोणत्याही इस्पितळाच्या बाकावर तासभर बसले की दिसते. तिथे माणूस काही सांगू लागला की 'थोडक्यात सांगा' असे ऐकू येते, आणि काही विचारू लागला की 'एवढं टेन्शन घेऊ नका' असे.

विचारण्याचा प्रश्न सुश्रुतापुढेही आला होता. मुतखड्याची शस्त्रक्रिया सांगताना तो म्हणतो, की ती केली नाही तर मृत्यू ठरलेला, आणि केली तरी जगण्याची खात्री नाही. म्हणून वैद्याने आधी परवानगी घ्यावी. किती शहाणपणाची गोष्ट! पण परवानगी कोणाची? 'ईश्वराची', म्हणजे राजाची किंवा धन्याची. ज्याच्या पोटावर शस्त्र चालणार त्याची नव्हे. ती त्या काळाची रीत होती. आपल्या काळात राजा गेला, धनी गेला आणि त्याच्या जागी एक कागद आला. त्या कागदाचे नाव संमतीपत्र.

दोन वर्षांपूर्वी माझे मामा पित्ताशयातल्या खड्यांसाठी शहरातल्या एका इस्पितळात दाखल झाले. मामा सातारा जिल्ह्यातल्या एका गावी प्राथमिक शिक्षक होते. आता वय पंचाहत्तरीच्या पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलेले. संध्याकाळी सिस्टर चार पानांचा छापील कागद घेऊन आल्या.

"आजोबा, इथे सही करा. आणि इथे. आणि मागच्या पानावर."

"आधी वाचतो," मामा म्हणाले, आणि उशीखालून चष्मा काढला. कागद इंग्रजीत होता. मामांनी तो परत केला. "यात काय लिहिलंय?"

"नेहमीचंच आहे, आजोबा. सगळेच करतात."

"बाई, सगळे करतात म्हणून आपणही करू नये, हे मी पोरांना छत्तीस वर्षं शिकवलं. आता कुठे बदलू?"

सिस्टर बिचाऱ्या हसल्या आणि शोधून शोधून मराठी कागद घेऊन आल्या. तो वाचताना मात्र माझीही भंबेरी उडाली. 'बधिरीकरण प्रक्रियेतून उद्भवू शकणाऱ्या संभाव्य गुंतागुंतीबाबत मला अवगत करण्यात आले असून' अशी त्याची सुरुवात होती. मामांनी ते वाक्य दोनदा वाचले. "बधिर म्हणजे बहिरा," ते म्हणाले. "हे लोक माझं पोट कापणार आहेत का कान?" मी त्यांना सांगितले, की बधिरीकरण म्हणजे भूल. "मग भूल म्हणायला काय भूल पडली होती का?" मामांची शिकवणी वॉर्डातही चालूच होती. खाली शेवटची ओळ होती : 'वरील सर्व मजकूर मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आला आहे.' मामांनी तिच्यावर बोट ठेवले. "हे खोटं आहे. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. खोट्याखाली सही करायची नाही."

आसपासच्या कॉटवरचे लोक मान उंचावून पाहू लागले. मामी हळूच म्हणाल्या, "अहो, कशाला उगाच वाद? चिडले म्हणजे?" आपल्या सगळ्यांच्या मनात हेच भय असते. कापणारे हात त्यांचे, तेव्हा त्यांना दुखवू नये. मला वाटते, रोग्याच्या हक्कांच्या आड कायदा येत नाही, पैसाही नंतर येतो. पहिल्यांदा हे भय येते. चरकाने अभीरुत्व हा गुण का मोजला असेल, ते मला त्या वॉर्डात उमगले.

रात्री नऊच्या सुमारास एक तरुण डॉक्टर आला. त्या रात्री त्याच्या एकट्याकडे दोन वॉर्ड होते. डोळ्यांत झोप मावत नव्हती. पण तो चिडला नाही. स्टूल ओढून बसला, कागदाच्या पाठीवर पित्ताशयाचे चित्र काढले आणि साध्या बोलीत सांगू लागला. दुर्बिणीतून करू, चार लहान छिद्रे पडतील; आत फार चिकटलेले निघाले तर पोट उघडावे लागेल; पित्ताच्या नळीला इजा होण्याचा धोका थोडा असतो, पण असतो; रक्तस्राव झाला तर रक्त द्यावे लागेल.

"रक्तस्राव," मामा म्हणाले. "मग ती रक्त पातळ व्हायची गोळी मी उद्या सकाळी घेऊ का नको?"

डॉक्टरच्या हातातले पेन थांबले. "कुठली गोळी?"

दोन वर्षांपूर्वी मामांचे तोंड एका बाजूला किंचित वाकडे झाले होते. दोन दिवसांत बरे झाले. तेव्हापासून तालुक्याच्या डॉक्टरांनी एक गोळी चालू ठेवली होती. दाखल होताना मामांना विचारले गेले होते, 'बीपी-शुगर आहे का?' त्यांनी खरे तेच सांगितले होते : नाही. त्याच्यापुढे कोणी विचारले नव्हते, आणि केसपेपरवर ती जागा कोरीच होती. डॉक्टरने मामींच्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी पाहिली, वरिष्ठांना फोन केला आणि सकाळचे ऑपरेशन रद्द झाले. गोळी बंद ठेवायची का, किती दिवस, हे मेंदूच्या डॉक्टरांना विचारून ठरले. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झाले, दुर्बिणीतूनच झाले आणि मामा घरी आले.

ही हकीकत मी त्या इस्पितळाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. मला तिच्यात दिसले ते असे : सांगणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. 'रक्तस्राव' हा शब्द कानावर पडला म्हणून मामांना गोळी आठवली. डॉक्टर बोलला म्हणून रोगी बोलला. मामांनी त्या चार पानांवर मुकाट्याने सह्या केल्या असत्या, तर कागद पुरा झाला असता आणि जे कळायला हवे होते तेच राहून गेले असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला एक निकाल या बाबतीत आधाराला घेतला जातो. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ साली तपासणीसाठी दाखल झाली. तिने संमती दिली होती ती मुख्यत्वे दुर्बिणीतून आत पाहण्यासाठी. ती भुलेत असताना डॉक्टरांना वाटले, की गर्भाशय काढणे बरे. बाहेर तिची आई बसली होती. आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने असे मानले, की डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. पण प्राणावर बेतलेले नव्हते, रोगी सज्ञान होती आणि घटकाभराने शुद्धीवर येणार होती. तेव्हा आईची संमती तिची संमती होऊ शकत नाही. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. संमती खरी ठरायची तर रोग्याला निदान इतके कळले पाहिजे : काय करणार आणि कशासाठी, दुसरा उपाय आहे का, मोठे धोके कोणते, आणि काहीच केले नाही तर काय होईल. क्वचितच घडणाऱ्या सगळ्या विघ्नांची यादी वाचून रोग्याला घाबरवावे, असे न्यायालय म्हणत नाही.

सुश्रुताने ज्याला ईश्वर म्हटले तो आपल्या घरांतून अजून पुरता गेलेला नाही, हे बायकांना विशेष जाणवते. बाईच्या ऑपरेशनचा कागद निघाला, की पहिला प्रश्न येतो, 'मिस्टर कुठे आहेत?' गर्भपाताचा १९७१ चा कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. सज्ञान आणि मनाने धड असलेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरे; नवऱ्याची सही कायदा मागत नाही. अर्धशतक उलटले, तरी नवऱ्याची सही आणा म्हणून परत पाठविलेल्या मुली मला माहीत आहेत. त्यांतली एक माझी विद्यार्थिनी होती. कायदा तिच्या बाजूने आहे, हे तिला काउंटरवर कोणी सांगितले नाही. मी तरी तिला पाठ्यपुस्तकातल्या कवितेचा रसास्वाद तेवढा शिकविला होता.

कोणी म्हणेल, ही हक्कांची भाषा अलीकडची, परदेशातून आलेली. तसे मुळीच नाही. या देशात डॉक्टरच्या कर्तव्याचा जो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो, तो आपल्या कोकणातून निघालेला आहे. १९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. लाकडी फळ्या बांधून, टॅक्सीत घालून, सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले. तिथे पुरती भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर हाड ओढून बसविण्यात आले. संध्याकाळपर्यंत मुलगा गुंगीतून बाहेर येईल, असे सांगून घरच्यांना धीर दिला गेला. त्याच रात्री तो मुलगा गेला. मुलाचे वडील स्वतः दौंडला डॉक्टरी करीत होते. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरवर दावा लावायचा, आणि तोही आपल्याच मुलासाठी, याला केवढा धीर लागला असेल! खालच्या न्यायालयाने ३,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. पंधरा वर्षे गेली. रक्कम किती, हा प्रश्नच नव्हता. त्या निकालात न्यायालयाने सांगितले, की रोगी हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो उपचार करताना, अशी तिन्ही वेळा डॉक्टरवर काळजी घेण्याची जबाबदारी आहे.

पण रोगी आधी हाती घ्यायलाच कोणी तयार नसेल तर? एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडविले. जवळच्या इस्पितळाने पोलीस केस म्हणून हात लावला नाही. अशा केसेस घेणारे इस्पितळ वीस किलोमीटरवर होते, तिकडे पाठविले. तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८९ साली न्यायालयाने सांगितले, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचविणे हे पहिले. पोलीस आणि पंचनामा मागाहून. तीन वर्षांनी, ८ जुलै १९९२ रोजी, बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. एकामागून एक सरकारी इस्पितळे फिरली. कुठे सोय नाही, कुठे कॉट नाही. शेवटी खासगी इस्पितळात सुमारे १७,००० रुपये खर्चून त्याचा जीव वाचला. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने हा खटला लढविला. १९९६ साली न्यायालयाने त्याला २५,००० रुपये देवविले आणि म्हटले, की वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे. पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

आता कागदांकडे वळू. केसपेपर कोणाचा? इस्पितळात त्याला असा जपतात, की जणू ते त्यांचे घराण्याचे दप्तर! रोग्याने हात लावला, की सिस्टर म्हणतात, 'ते तुमच्यासाठी नाही.' वास्तविक त्यात रोग्याखेरीज दुसऱ्या कोणाची हकीकत असते? मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले, की रोग्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना कागदपत्रे देताना गुप्ततेची सबब चालणार नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून नियम आहे, की मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी दिल्या पाहिजेत. मागणी मात्र लेखी करावी आणि पोच घ्यावी. तोंडी मागणी हवेत विरते, हे आपण कोणत्याही कचेरीत शिकलेले आहोतच.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. 'रोग्याला गिऱ्हाईक केले' म्हणून तेव्हा अनेकांना वाईट वाटले. मलाही 'ग्राहक' हा शब्द रोग्याच्या अंगावर मापाचा बसत नाही असे वाटते. पण त्या निकालात एक गोष्ट फार मोलाची आहे. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींवर फुकट उपचार करतात, तिथे फुकटवाल्यालाही तक्रारीचा तोच हक्क आहे. म्हणजे पैसे न देणारा कमी प्रतीचा रोगी ठरत नाही. जिथे सगळ्यांनाच सगळे फुकट मिळते ती इस्पितळे मात्र त्या कायद्याबाहेर राहिली.

२०१८ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या हक्कांची एक सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत. माहितीचा, कागदपत्रांचा, तातडीच्या उपचाराचा, संमतीचा, खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा हक्क त्यांत आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आहे. औषधे आणि तपासण्या हव्या त्या ठिकाणाहून घेण्याचा आहे, म्हणजे इस्पितळाच्याच दुकानातून घ्या, अशी सक्ती नाही. बिलाच्या वादापायी रोग्याला किंवा मृताच्या देहाला अडकवून ठेवता येणार नाही, हेही त्यात आहे. आपल्या राज्यात खासगी इस्पितळांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याचे नियम २०२१ च्या जानेवारीत सुधारले, आणि रुग्णांच्या हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या इस्पितळांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. संगमरवरी पायऱ्या पाहून परत फिरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? पुढच्या वेळी इस्पितळात कोणाला भेटायला जाल तेव्हा भिंतीकडे जरा पाहा. सनद बहुधा असते. पण ती कुंडीतल्या झाडामागे असते, किंवा अशा बारीक अक्षरात, की ती वाचायला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे लागेल.

डॉक्टरांची बाजू न मांडता थांबले तर तो अन्याय होईल. मामांपाशी बसलेला तो तरुण मुलगा मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. दोन वॉर्ड, एक माणूस, आणि प्रत्येक कॉटवर एक अख्खे कुटुंब काळजीत! त्याने चित्र काढून समजावले, ते त्याच्या झोपेतून काढून दिले. रोगी दगावला की खुर्च्या मोडणारे आणि डॉक्टरच्या अंगावर जाणारे नातेवाईकही आपल्यातच आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. प्रत्येक मृत्यू हा निष्काळजीपणा नव्हे, आणि साध्या चुकीला फौजदारी गुन्हा म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलेले आहे. मला तर वाटते, की मारामारी पुष्कळदा तिथे होते जिथे आधी बोलणे झालेले नसते. ज्याला अगोदर कोणी काही सांगितलेले नाही, त्याला शेवटी सांगितलेले काहीच खरे वाटत नाही. तेव्हा रोग्याला सांगण्यासाठी जी दहा मिनिटे हवीत, ती डॉक्टरला मिळावीत इतकी माणसे इस्पितळात नेमणे, हीसुद्धा रोग्याच्याच हक्काची मागणी आहे. आपणही आपले कर्तव्य करावे. खरे सांगावे, आधीची औषधे लपवू नयेत, आणि राउंडच्या वेळी कॉटभोवती बारा पाहुण्यांचा मेळा भरवू नये.

माझ्या धंद्याला धरून एक सूचना आहे. अनेक विद्यापीठांत मराठीचा विभाग आहे, अनेक शहरांत वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोघांची गाठ पडत नाही. आमचे विद्यार्थी अलंकार ओळखायला शिकतात. त्यांतल्या चौघांना बसवून एक संमतीपत्र अशा मराठीत लिहून घ्या, की ते शेतातून आलेल्या आजीला वाचून दाखविले तर तिला पुन्हा विचारावे लागणार नाही. 'भूल' म्हणावे, 'टाके' म्हणावे, 'पोट उघडावे लागेल' म्हणावे. सरकारची भाषा मराठी व्हावी म्हणून १९६४ साली आपण कायदा केला. पण ती माणसाला कळणारी मराठी असावी, हे कलम त्यात घालायचे राहून गेले असावे.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे करू. या दिवाळीत घराची आवराआवर करताना प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहावी : चालू असलेल्या गोळ्यांची नावे, जुनी दुखणी, झालेली ऑपरेशने, कशाची ॲलर्जी आहे ते. ती पाकिटात ठेवावी. चिठ्ठीच्या पाठीवर चार प्रश्न लिहावेत. काय करणार आणि कशासाठी? दुसरा उपाय आहे का? धोका काय, आणि न केले तर काय? खर्च किती? हे प्रश्न विचारताना आवाज चढवायला नको आणि हात जोडायलाही नकोत. सरळ विचारावेत, आणि समोरचा दमलेला दिसला तर त्याला आधी बसायला स्टूल द्यावे. उत्तरे समजली नाहीत, तर 'पुन्हा सांगा' म्हणावे. वर्गात 'सर, पुन्हा सांगा' म्हणणारा मुलगा शिक्षकाला उर्मट वाटत नाही. उलट एकाचे तरी लक्ष आहे, म्हणून बरे वाटते.

इतके झाले, की मग खिशातले पेन काढावे आणि विचारावे, सही कुठे करायची?